विलायतेत तीन इरली

लंडन, दि. २० जून १९३१

स्वस्ति श्रीमत् सकलगुणालंकरण, अखंडितलक्ष्मीप्रसन्न, उमरठग्रामभूषण, भातखाचरकर्दमविहारी, वृषभद्वयप्रतिपालक, त्रयोदशकुक्कुटाधिपती, अतिवर्षणनिर्विकार, चतुर्थइयत्तापारंगत राजमान्य राजश्री हैबतराव दादासाहेब यांच्या चरणकमळी, महाडन्यायालयमंडूक, अर्धपक्वकेश, पूर्णभिन्नपादत्राण, कनिष्ठ बंधू मालोजी वकील याचा समुद्रोल्लंघनपूर्वक साष्टांग दंडवत. विशेष.

मी, मोरू, आवडी आणि आपली तुळजाआक्का या महानगरी सुखरूप पोचून पंधरवडा लोटला. अशिलाचे अपील अद्याप न्यायमूर्तींच्या मेजाच्या पायथ्याशी विश्रांती घेत असल्याने मला अवकाश विपुल आहे. त्याचा विनियोग मी माझ्या त्या आईवेगळ्या लेकरांस विलायत दाखवण्यात करतो. विलायत दिसत मात्र नाही. ती पावसाच्या मागे असते.

या पावसाविषयी किंचित शास्त्रार्थ आवश्यक आहे. आपल्याकडील पर्जन्य हा निश्चयी पुरुष. येतो तो आंबेनळी घाटाची दरड घेऊन येतो आणि जातो तो आपला बांध घेऊन जातो. येथील पर्जन्य म्हणजे दिवाणी दावा; चालू असतो, निकाल लागत नाही. आक्काने पहिल्याच दिवशी खिडकीबाहेर हात काढून अभिप्राय दिला, "ह्यो पाऊस हाय, का वर कोण चूळ भरतंय?"

तू निघतेवेळी बांबूच्या कामट्या व पळसाची पाने विणून दिलेली तीन इरली, दोन बालप्रमाण व एक आक्काप्रमाण, अखंड पोचली. बंदरावरील जकात अधिकाऱ्याने एक इरले उलटे धरून "ही होडी आहे काय?" अशी पृच्छा केली. मी उत्तरलो, "होय. आमच्या प्रांती मनुष्य ती डोक्यावर घेऊन हिंडतो आणि बुडण्याची वेळ आली की उलटी करतो." त्याने ते गांभीर्याने टिपून घेतले. साम्राज्याच्या ज्ञानभांडारात माझीही एक भर.

राजवाड्यावरील पहारेकऱ्यांची केसाळ शिरस्त्राणे पाहून आवडीने "बाबा, त्यांच्या डोक्यावर मांजर मेलंय" असा आक्रोश मांडला, तेव्हा तो सोहळा अर्ध्यावर सोडावा लागला. मोरूने प्राणिसंग्रहालयात हत्ती पाहिला आणि तो भिजतो म्हणून हळहळला. गेल्या गुरुवारी मात्र भाग्य उदयास आले. पूर्वी आपल्या बाजूस मुलकी अंमलदार असलेल्या कै. थॉर्नबीसाहेबांच्या पत्नीने आम्हांस एक काचेचे वन पाहण्यास बोलावले. त्या प्रचंड काचगृहात आपली केळ, आपली सुपारी, आपली हळद, सर्व मंडळी नावाच्या पाट्या गळ्यात अडकवून उभी आहेत. आक्का टाळ्या पिटत म्हणाली, "अगो बाई, आमची केळ हितं कोंडलीय!" तेथून मडमसाहेबांच्या घरी चहापान झाले. दिवाणखाना अतीव शोभिवंत होता. आक्का त्यांच्या पाकशाळेच्या निरीक्षणात रमली.

परदेशगमनाने मनुष्याची उन्नती होते हे सत्य आहे. आक्का आता मला "माल्या" म्हणत नाही. "साहेब" म्हणते. चालतानाही दोन पावले मागून चालते. मी थट्टेने म्हटले की असाच सन्मान महाडच्या बाररूमात मिळता तर! ती हसली नाही. हवामानाचा परिणाम असावा.

रखमावहिनींस दंडवत.

आज्ञांकित,
मालोजी


मौजे उमरठ, पेटा पोलादपूर, दि. १२ जुलै १९३१

चि. मालोजीस हैबतीचा आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझं संस्कृत मला उलगडेना म्हणून शाळेच्या ओटीवर मास्तरांकडून वाचून घेतलं. अर्धा गाव जमला. माझ्या पदव्या ऐकून लोक मला दोन दिवस वाट देत व्हते. कुक्कुटाधिपती म्हंजे कोंबड्यांचा धनी हे मास्तरांनी फोडून सांगितल्यावर शेजारचा रामा भर सभेत म्हणाला, तेरा नाय, अकरा हायत, दोन मुंगसानं नेल्या. तरी तेवढं सुधारून घे.

भातलावणी अर्धी झाली. पाऊस चांगला हाय. चूळ भरत नाय, घागरी ओततोय.

आता ऐक. आक्का तुला साहेब म्हणते हे मास्तरांनी वाचलं तवा समदी हसली. मी नाय हसलो. घरी येऊन रखमाला सांगितलं, तर तिच्या हातातलं सूप तसंच ऱ्हायलं. तुला आठवत नसंल, तू ल्हान व्हतास. तंबूतला गोरा साहेब स्वतः आपल्या दारात दुधाला आला व्हता. पाटील थरथर कापत मागं उभा. आक्का काय म्हणाली? "बस रे बाबा, वासरू पितंय." त्या आक्काच्या तोंडात साहेब आला, तो बी तुझ्यासाठी, ज्याचं नाक तिनं पुसलं?

दुसरं. आक्का म्हणं मडमेच्या चुलीपाशी रमली. अरे, ती लग्नाघरी बी बोलावल्याबिगर दुसऱ्याच्या चुलीकडं फिरकत नाय. आणि तू दिवाणखान्यात चहा पीत व्हतास, तवा ती चुलीपाशी कशी?

तू ल्हानपणी आंबे चोरलेस की असंच लांबलचक बोलायचास. काय केलंस ते लिही. मास्तरांना दाखवणार नाय. पण मलाच कळंल असं लिही, संस्कृत नको.

पोरांना मुके. आक्काला सांग, तिची म्हैस व्याली, रेडी हाय.

हैबती


लंडन, दि. ३ ऑगस्ट १९३१

राजमान्य राजश्री हैबतराव दादा यांस साष्टांग दंडवत. (उर्वरित पदव्या पावसात भिजल्या आहेत. कोंबड्यांची संख्या दुरुस्त करून घेतली.)

आपल्या पत्रातील आक्षेप वाचले. प्रतिवादीचे म्हणणे असे. प्रथमतः, परमुलखात स्थलकालानुसार संबोधनात फरक पडणे स्वाभाविक आहे. द्वितीयतः, पाकशाळा हे गृहाचे हृदय होय, सबब तेथे बसणे हा गौरवच. तृतीयतः...

दादा, तृतीयतः काही नाही. द्वितीयतःही नव्हते.

काचेच्या वनातून बाहेर पडलो तेव्हा पाऊस लागला होता, आणि मडमसाहेब, ज्यांना आम्ही अद्याप पाहिलेही नव्हते, मोटार घेऊन तेथेच भेटणार होत्या. आक्काने गाठोडे सोडून पोरांच्या डोक्यावर इरली घातली, स्वतःचे घातले, आणि ती तिघे पायऱ्यांखाली उभी राहिली. तिघेही सुके ठणठणीत. त्या उद्यानात तेवढीच तीन माणसे कोरडी असतील. पण लोक थांबले. एकाने छायाचित्र काढले. एक पोर झुडपे चालू लागली म्हणून ओरडले. मोरूला ते भलतेच आवडले. तो गोल फिरून इरले दाखवू लागला.

मी काय करीत होतो? मी छत्री उघडून पलीकडे सरकलो आणि एका झाडाच्या बुंध्यावरील लॅटिन नाव अत्यंत एकाग्रतेने वाचू लागलो. त्या वृक्षाचे नाव मला आज आठवत नाही. आक्का माझ्यापासून दहा पावलांवर होती, आणि मला वाटत होते, हे अंतर वीस असते तर बरे.

मडमसाहेब आल्या. म्हणाल्या, "ही मुले तुमचीच ना? किती गोड!" मी होय म्हणालो. "आणि ही कोण?"

आक्का त्या वेळी वाकून आवडीच्या बुटाची गाठ बांधत होती. इरल्यावरून पाणी ओघळत होते. अनवाणी पाय चिखलात.

उत्तर माझ्यापाशी होते. ही माझी थोरली बहीण. आई गेल्यावर हिने मला वाढवले, माझी पत्नी गेल्यावर माझी मुले वाढवते आहे. इंग्रजीत हे वाक्य मी निर्दोष रचू शकतो. मी एकच शब्द उच्चारला. "आया."

आणि त्या दिवशी मी बोललेल्या सगळ्या इंग्रजीतून आक्काला समजेल असा तोच एक शब्द होता. पोलादपूरच्या बंगल्यावर साहेबांच्या पोरांमागे धावणारी आया तिने पाहिलेली आहे.

तिने मान वर केली नाही. बांधलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

पुढील सर्व त्या शब्दामागून ओळीने आले. आम्ही पुढल्या दाराने, ती बाजूच्या जिन्याने तळघरातील स्वयंपाकघरात. मी "नको" म्हणू शकलो असतो. मी केकची स्तुती केली. आवडीने विचारले, "आक्का कुठाय?" मी म्हणालो, "खाली." पोरीने आपला केक खाल्ला नाही. फ्रॉकच्या खिशात घातला, आणि तो खिसा अजून चिकट आहे. निघताना मडमसाहेबांनी आक्काच्या हाती जुन्या लोकरी मोज्यांचे एक पुडके ठेवले, विश्वासू नोकरांना देतात तसे. आक्काने ते दोन्ही हात जोडून घेतले.

दुसऱ्या सकाळी माझ्या दारावर टकटक. "साहेब, पाणी तापलंय."

मी म्हटले, "आक्का, मला साहेब काय म्हणतेस?"

"मंग आया काय म्हणंल?"

त्या दिवसापासून ती माझ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. माझे जेवण झाल्याशिवाय जेवत नाही. फिरायला निघालो की मागून चालते, आणि मी थांबलो तर तीही थांबते. मी क्षमायाचनेचे एक भाषण रचले, त्यात पश्चात्तापदग्ध, मातृतुल्य असे शब्द होते. तिने ते पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाली, "साहेब, आयेला येवढं कळत नाय." पोरांना ती नेहमीसारखीच गोष्टी सांगते. तेव्हा पलीकडच्या खोलीतून हसणे ऐकू येते. मी आत गेलो की सगळी उभी राहतात, पोरेही. तिने त्यांना शिकवले नाही, तिचे बघून ती उठतात.

दादा, मला येथील कोणतीही गोष्ट आता पाहावीशी वाटत नाही. आरशासमोर दाढी करतानासुद्धा मी फक्त हनुवटीच पाहतो.

काय करू ते सांग.

मालोजी


मौजे उमरठ, दि. २३ ऑगस्ट १९३१

चि. मालोजीस आशीर्वाद.

पत्र गोठ्यात बसून एकट्यानं वाचलं, मग फक्त रखमाला सांगितलं. मास्तर रोज इचारतात, विलायतेहून काय आलं? मी म्हटलं, आलं पण भिजलं.

दोन दिवस तुझा लई राग आला. शिव्या जुळवल्या, चांगल्या वजनदार जुळवल्या, आणि कागद घेऊन बसलो. रखमा भाकरी थापत व्हती. म्हणाली, "लिवा की. पण भावोजींनी आया हे नुसतं नाव दिलं. तिला पोरं सांभाळाय तिकडं धाडली कुणी?"

मी म्हटलं, गप ऱ्हा. ती गप ऱ्हायली नाय. तुला तुझी वहिनी ठाऊक हाय.

खरं सांगतो. आक्काचा दादला गेला तवा ती तरणी व्हती. बाबांनी तिला घरी आणली आणि तुला तिच्या मांडीवर दिला. तू मोठा झालास तर माझी पोरं दिली. ती मोठी झाली तर तुझी दिली. तिला काय पायजे ते कोण इचारलं? गावात मी मिशीवर ताव देऊन सांगितलं, आमची आक्का विलायत बघाय गेली. पण महाडात मोटारीत बसवताना मी तिला काय म्हणालो ते मला आठवतंय. म्हणालो, "आक्का, पोरांकडं बघ." विलायत बघ असं नाय म्हणालो.

तवा मी शिव्या लिहिल्या नायत. त्या दोघांत वाटून घ्याव्या लागतील.

तू भाषणं करू नको. तिला इचार, तिला काय बघायचं हाय. पोरांना नाय, तुला नाय, तिला. आणि ती सांगंल ते दाखव, मग कितीबी लाज वाटो.

आणखी एक. पोरं फिरली इरली घालून, आक्का फिरली. तू घातलंस का? मोठं हाय त्यातलं एक. घालून बघ. पण ताठ उभं राहून ते बसणार नाय. लावणीला वाकलेल्या माणसाचं माप हाय.

हैबती


लंडन, दि. ११ ऑक्टोबर १९३१

दादा,

तुझे पत्र मिळाले त्याच सायंकाळी आक्काला विचारले. ती मोरूच्या सदऱ्याला गुंडी लावत होती. म्हटले, "आक्का, या मुलखात तुला काय बघायचं आहे?"

तिने दोरा ओढला. मला वाटले, नदी म्हणेल, राजा म्हणेल, समुद्र म्हणेल. दाताने दोरा तोडून म्हणाली, "त्या बाईचं घर. पुढल्या दारानं."

रात्री मी मडमसाहेबांना पत्र लिहिले. वकिलीत मी पुष्कळ कठीण मसुदे केले आहेत. हा चार ओळींचा होता आणि त्याला पहाट झाली. त्यात मी खरे ते लिहिले, आणि माझ्या बहिणीला घेऊन येण्याची परवानगी मागितली. उत्तरास आठवडा लागला. त्या आठवड्यात टपालवाल्याची पावले ऐकून मी जितक्या वेळा जिना उतरलो, तितक्या वेळा अशिलाच्या अपिलासाठी कधी उतरलो नाही. अखेर उत्तर आले. त्यात एकच ओळ होती: शनिवारी या, तिघेही आणि बहीणही.

शनिवारी पाऊस होताच. आक्काने ठेवणीतले हिरवे लुगडे नेसले, वर शाल. हातात ते मोज्यांचे पुडके होते. धुतलेले, घडी घातलेले. दारावरची घंटा तिने स्वतः ओढली, आणि जरा जोरातच ओढली.

मडमसाहेबांनी दार उघडले. मला येथे काव्य करण्याची संधी होती, ती घेतली नाही. म्हणालो, "ही माझी थोरली बहीण तुळजाबाई. हिने मला वाढवले. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटे बोललो, कारण मला हिची लाज वाटली." शेवटचे शब्द पत्रात नव्हते. ते दारातच तोंडातून निघाले. आणि लगेच तेच मराठीत आक्काला सांगितले, कारण तिला न सांगता तिच्याबद्दल इंग्रजीत बोलण्याचे माझे दिवस संपले. मोरू ऐकत होता. आवडीही. पोरांसमोर बापाने असे वाक्य उच्चारल्यावर कान किती तापतात याचा मला अनुभव नव्हता.

मडमसाहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांना बहुधा तळघर आठवले. त्यांनी आपली स्वतःची खुर्ची ओढून आक्काला दिली. आक्का बसली. मोजे मेजावर ठेवून म्हणाली, "बाईंना सांग, मोजे चांगलं हायत, पण मी पायात काय घालत नाय." मी भाषांतर केले. ते घेताना मडमसाहेबांची नजर मेजावरच होती. खोलीत लाज वाटणारा मी एकटाच नाही, हे पाहून मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही.

मग आक्काने घर पाहिले. पडदे, पियानो, भिंतीवरची साहेबांची तसबीर. दाराशी एक पितळी भांडे होते, त्यात छत्र्या खोचलेल्या. आक्का थबकली. "अगो बाई! घंगाळ!" खरेच आपल्याकडचे घंगाळ, दोन्ही कड्यांसकट, साहेबांनी तिकडून आणलेले. "घंगाळात छत्र्या? मंग ही आंघोळ कशात करते?" मी हे भाषांतरित करण्यास कचरलो, पण आक्काने डोळे वटारले. मडमसाहेब हे ऐकून हसल्या आणि मग रुमालाने डोळे पुसू लागल्या. आक्का मला म्हणाली, "इचार तिला, येवढ्या घरात ती एकटीच ऱ्हाते का?" कळले की मुलगा मलायात आहे आणि वर्षात पत्र नाही. आक्का उठून तिच्याजवळच्या बैठकीवर जाऊन बसली. पुढचा अर्धा तास दोघी बोलत होत्या, एक मराठीत, एक इंग्रजीत, आणि माझ्याकडे कोणीही भाषांतर मागितले नाही.

निघताना मी माझी छत्री घंगाळातून काढली. आक्काने ती माझ्या हातून घेतली, उघडली, स्वतःवर धरली, आणि गाठोड्यातले मोठे इरले माझ्यापुढे केले.

"घाल."

मी रस्त्याकडे पाहिले. शनिवार, माणसे पुष्कळ.

"लाज वाटते?"

"वाटते," मी म्हणालो.

"वाटू दे."

मी घातले. दादा, माझ्या हॅटीवर ते बसेना म्हणून हॅट मोरूच्या हातात दिली. लोक थांबले. एका बाईने नवऱ्याला कोपराने ढोसले. पोरे दोन्ही बाजूंनी, आक्का छत्री धरून पुढे, आणि मी मागून. कोपऱ्यावर तिने वळून पाहिले. "माल्या, मागं काय रेंगाळतोस? चाल."

तीन महिन्यांनी ऐकलेला तो शब्द. मी इरले सावरून तिला गाठले.

सगळे पूर्ववत झाले असे समजू नकोस. ती आता माझ्यासमोर बसते, आधी जेवते, हुकूमही सोडते. पण आठवड्यातून एखादवेळी, मी जरा जास्त ऐटीत बोललो की, दाराआडून शांतपणे येते: "साहेब, पाणी तापलंय." आणि मी जिथे असेन तिथे गप्प होतो. ती हे बंद करणार नाही, आणि बंद कर म्हणण्याचा मला अधिकार नाही. आवडीला चिकट खिशाचा फ्रॉक धुवायचा नाही. म्हणते, तो आक्काचा केक आहे.

आता कामाचे. तू विणलेल्या मोठ्या इरल्याला डाव्या खांद्याशी, तिसऱ्या कामटीखाली, एक छिद्र आहे. ताठ चाललो की थेंब थेट कॉलरात उतरतो आणि पाठीच्या कण्याने खालपर्यंत जातो. वाकून चाललो तर थांबतो, परंतु वाकल्यावर समोरचे दिव्याचे खांब दिसत नाहीत, आणि त्या शनिवारी कपाळाला एक लागलाच. छिद्र बुजवण्यास पळसाचे पान लागेल. या महानगरात ते कोठेही मिळत नाही. एक दुकानदार कोबीचे घ्या म्हणतो. काचेच्या वनात पळस असावा, पण तेथील पान तोडण्यास मनाई आहे. आक्का म्हणते, उद्यापासून रोज इरलेच घालायचे. मग मी पान आणू कोठून?

मालोजी